हत्तीरोगाच्या मीटिंगा भरवणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र : दिल्लीहून तारीख येते, आपल्याकडून वर काय जातं?

नमस्कार,

हे पत्र जिल्हा समन्वय समितीत बसणाऱ्या सगळ्या साहेबांना आणि मॅडमना आहे, विभाग आणि राज्य पातळीवर हत्तीरोगाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्यांना आहे, आणि हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायच्या मोहिमेच्या आधी ज्या संस्था अ‍ॅडव्होकसी मीटिंग आणि मीडिया वर्कशॉप भरवतात त्यांनाही आहे. मी पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यात गटप्रवर्तक आहे, म्हणजे आशाताईंच्या सोबत गावोगाव फिरायचं, त्यांचे रिपोर्ट गोळा करायचे, अडलं तिथे उभं राहायचं. तालुक्याच्या मीटिंगा तर नेहमीच्याच, जिल्ह्याच्याही काही मीटिंगांना मागच्या खुर्चीवर बसायला मिळालंय. तिथे जे ऐकलं आणि नंतर दारोदार जे पाहिलं ते दोन्ही एकत्र कुणी मांडताना दिसत नाही म्हणून हे लिहायला घेतलं.

परवा एका ओळखीच्या सरांनी सरळच विचारलं, की ताई ह्या मीटिंगांनी खरंच काही होतं का, देशातून रोग जाण्याशी तुमच्या जिल्ह्याच्या हॉलमधल्या दोन तासांचा काय संबंध? मला ह्याचं उत्तर "काहीच नाही" असं द्यायचं नाही. संबंध आहे आणि खूप आहे. पण सध्या तो एकाच बाजूने चालू आहे, वरून खाली, आणि खालून वर जायचा रस्ता जवळजवळ बंद आहे, आणि माझं म्हणणं असं की 2027 पर्यंत देशातून हत्तीरोग घालवायचं टार्गेट अडलं तर इथेच अडणार आहे.

आधी मीटिंगांच्या बाजूने बोलते, कारण त्यांना नावं ठेवणं सोपं असतं. काळा आजार घ्या, वाळूमाशी चावून पसरणारा. 2005 मध्ये भारत, नेपाळ आणि बांगलादेश ह्या तीन देशांनी एकत्र बसून करार केला, की हा रोग आपण मिळून घालवायचा. त्याचा फायदा काय झाला तर तिघांचं माप एक झालं, दहा हजार लोकांमागे वर्षाला एकापेक्षा कमी रुग्ण, आणि बॉर्डरच्या अलीकडे पलीकडे एकच हिशोब चालू झाला. तारीख अनेकदा चुकली हे खरं, पण शेवटी 2023 मध्ये बांगलादेश काळा आजार घालवणारा जगातला पहिला देश ठरला, आणि आपल्याकडेही बिहार झारखंडचे ब्लॉक त्या मापाच्या खाली आले. पोलिओचं तर प्रमाणपत्रच एकट्या देशाला मिळत नाही, अख्ख्या विभागाला मिळतं. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 ला हावड्यात सापडला, पण 27 मार्च 2014 ला जे सर्टिफिकेट मिळालं ते दक्षिण-पूर्व आशियातल्या अकराही देशांना मिळून मिळालं. म्हणजे शेजारी मागे राहिला तर आपणही मागे, आणि आपण मागे राहिलो तर सगळेच. अशा वेळी एकत्र बसल्याशिवाय काम होतच नाही.

हत्तीरोगातही तेच आहे. 1997 मध्ये जागतिक आरोग्य सभेत ठराव झाला, त्यातून 2000 मध्ये जगभरचा कार्यक्रम उभा राहिला, 2002 च्या आपल्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात 2015 पर्यंत हा रोग घालवू असं आलं आणि 2004 पासून वर्षातून एकदा सगळ्यांना गोळ्या देणं सुरू झालं. कुठल्यातरी लांबच्या मीटिंगमधला एक ठराव सात वर्षांत आमच्या गावच्या आशाताईच्या पिशवीपर्यंत पोचला. त्यामुळे मीटिंगांनी काही होत नाही असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालीन.

पण पुढचं पण बघा. 2015 गेलं, मग 2017 म्हटलं, तेही गेलं, मग आणखी पुढे ढकललं, आणि आता 2027. ह्या मधल्या काळात मालदीव आणि श्रीलंका 2016 मध्ये मोकळे झाले, थायलंड 2017 मध्ये, बांगलादेश 2023 मध्ये. आपल्याकडे 1955 पासून फायलेरियाचा, म्हणजे हत्तीरोगाचाच, राष्ट्रीय कार्यक्रम आहे. आमच्या विदर्भात सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात ह्याच रोगाच्या रक्त तपासणीवर वर्षानुवर्षं संशोधन झालं. तीन औषधांची (आयव्हरमेक्टिन, डीईसी, अल्बेंडाझोल) आयडीए मोहीम देशात आली तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांमध्ये आपलं नागपूर होतं. ज्ञान आहे, गोळ्या फुकट आहेत, माणसं आहेत, मीटिंगा तर भरपूर आहेत. मग अडतंय कुठे?

अडतंय ते दारात. ते नीट सांगते, कारण हॉलमधल्या पीपीटीत दार कधी दिसत नाही.

आशाताई आणि तिच्यासोबतचा स्वयंसेवक घरी जातात. दारात उंची मोजायची काठी उभी करायची, कारण आयव्हरमेक्टिन उंचीवर ठरतं, 90 सेंटीमीटरच्या वर एक गोळी, 120 च्या वर दोन, 141 ला तीन, आणि 158 च्या वर गेलं की चार. डीईसी वयावर, मोठ्या माणसाला तीन. वर एक अल्बेंडाझोल, ती चावून खायची. म्हणजे चांगल्या उंचीच्या माणसाच्या तळहातावर एका वेळी आठ गोळ्या पडतात. आठ! ज्याला काहीच झालेलं नाही, जो धडधाकट बैलजोडी घेऊन निघालाय, त्याच्या हातावर आठ गोळ्या ठेवायच्या आणि म्हणायचं आत्ता माझ्यासमोर खा, उपाशी असाल तर आधी दोन घास खा. तो म्हणतो, "मले काई झालं नाई ना बाई, मंग कायले खाऊ एवढ्या गोया?" आणि त्याचं चूक तरी काय, त्याला कुणी सांगितलंच नाही की हा रोग अंगात असून दिसत नाही, की किडा आत सहा-आठ वर्षं जगतो आणि त्याची पिल्लं रात्री रक्तात फिरतात, म्हणूनच तर रक्ताचा थेंब घ्यायला आमचे लोक रात्री दहाच्या पुढे येतात, आणि नालीतल्या घाण पाण्यावरचा क्युलेक्स डास ती उचलून शेजारच्या लेकराला देतो. पाय सुजायला वर्षं जातात, आणि एकदा पाय तसा झाला की गोळी त्याला परत बारीक करत नाही.

सकाळी गेलं तर माणसं शेतावर, दुपारी गेलं तर कुलूप, संध्याकाळी गेलं तर सासूबाई म्हणतात "ठेवून जा माय, रातच्याला खातीन सारे." आशाताईला एवढी घरं करायची असतात, वरून फोन येत असतो की दोन वाजेपर्यंत आकडा पाठवा, आणि गोळ्यांची पुडी ठेवली जाते. रजिस्टरमध्ये काय लिहिलं जातं ते मी सांगायला नको. बोटाला मार्करची खूण असते, घरावर खडूचा आकडा असतो, आणि पुढच्या वर्षी देव्हाऱ्याच्या मागे तीच पुडी तशीच्या तशी सापडते, कागद पिवळा पडलेला. अशा पुड्या मी स्वतः हातात घेऊन बघितल्यात.

आता ह्या पुडीचा आणि दिल्लीचा संबंध असा, की मोहीम नीट झाली असं म्हणायचं तर एकूण लोकसंख्येच्या किमान 65 टक्के लोकांनी गोळी गिळलेली पाहिजे, नुसती घेतलेली नाही. मग रात्रीची रक्त तपासणी होते, त्यात शंभरात एकाहूनही कमी माणसाच्या रक्तात पिल्लं सापडायला पाहिजेत, मग लहान लेकरांची तपासणी होते, साधारण पहिली-दुसरीच्या वयाची लेकरं, कारण त्यांच्या रक्तात काही सापडलं तर प्रसार अजून चालू आहे हे पक्कं. पुडीचा आकडा "खाल्ली" म्हणून वर गेला की जिल्ह्याचा ग्राफ छान दिसतो, मीटिंगमध्ये टाळ्या पडतात, आणि मग तपासणीत जिल्हा अडकतो आणि पुन्हा गोळ्यांचे राऊंड. लोक म्हणतात वीस वर्षं झाली तुमच्या गोळ्या चालू आहेत, रोग काही जात नाही, म्हणजे गोळ्यातच दम नाही. गोळीत दम आहे, ती पोटात जात नाहीये, पण हे त्या माणसाला पटवायची वेळ येते तेव्हा दारात आशाताई एकटी असते, हॉलमधलं कुणी नसतं.

एका जिल्ह्यातली मीटिंग सांगते, जिल्ह्याचं नाव घेत नाही. मोठं बॅनर, समोर सगळे विभाग, शिक्षण, पंचायत, महिला बालकल्याण, पोलीस सुद्धा. चांगली गोष्ट आहे, एरवी हे सगळे एका खोलीत येत नाहीत. पीपीटी झाली, मागच्या राऊंडचं कव्हरेज, म्हणजे किती टक्के लोकांनी गोळ्या खाल्ल्या ते, नव्वदच्या वर दाखवलं, भाषणं झाली, व्यासपीठावर साहेबांनी गोळ्या खाल्ल्या आणि फोटो निघाला. हा फोटो वाया जात नाही, तो आम्ही गावच्या ग्रुपवर टाकतो आणि काही लोक खरंच म्हणतात की कलेक्टर साहेबांनी खाल्ली ना मग चला. पण शेवटी "कुणाला काही अडचण?" असं विचारलं तेव्हा मागून एक आशाताई उठली आणि म्हणाली, साहेब आमच्या टोल्यावरचे (वस्तीवरचे) अर्धे लोक मिरचीला गेलेले आहेत, कुणाला खाऊ घालू? उत्तर मिळालं की जे आहेत त्यांना द्या, आल्यावर बाकीच्यांचं बघू. मीटिंगच्या इतिवृत्तात तिचं वाक्य आलं नाही.

ह्या एका वाक्यावर मला थांबायचंय, कारण माझ्या मते अख्ख्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

संक्रांत झाली की आमच्याकडच्या गावागावातून जीपा आणि पिकअप भरून माणसं तेलंगणात मिरची तोडायला जातात, खम्मम, वरंगल तिकडे. नवरा बायको दोघं, मोठी मुलगी सोबत, लहान लेकरं कधी आजीकडे कधी सोबत. धानाचं पीक निघालेलं असतं, इथे हाताला काम नसतं, तिकडे किलोवर पैसे मिळतात. होळी पाडव्याच्या सुमाराला परत येतात. आणि देशभर हत्तीरोगाच्या गोळ्यांची तारीख ठरली आहे 10 फेब्रुवारी. 2023 पासून 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्ट असे दोन मुहूर्त आहेत, जंतनाशक दिनाला जोडून, आणि त्यामागचा विचार मला समजतो, अल्बेंडाझोल दोन्हीकडे लागते, सगळीकडे एकदम वातावरण तयार होतं, औषध वेळेत पोचवता येतं. दिल्लीत बसून ठरवायचं तर हेच ठरेल. पण आमच्या भागात 10 फेब्रुवारीला कमावती माणसं तेलंगणात असतात, आणि पाऊस उशिरा आला तर 10 ऑगस्टला बायका धानाच्या रोवणीत असतात, पहाटे डबा घेऊन गेल्या की अंधार पडायला परत.

म्हणजे ज्या वयाच्या माणसांच्या अंगात किडा असण्याची शक्यता जास्त, जी पंधरा ते पन्नासची कामाची माणसं, नेमकी तीच राऊंडच्या वेळी घरी नाहीत. वर्षानुवर्षं तीच सुटतात, आणि तीच परत येऊन त्याच टोल्यावर त्याच नालीशेजारी झोपतात. कव्हरेजच्या भागाकारात ती "बाहेरगावी" म्हणून वजा झाली की टक्का सुंदर दिसतो. डासाला आपला भागाकार माहीत नाही.

ही माहिती दिल्लीत कुणाला असण्याचं कारण नाही. पुण्याला सहसंचालक कार्यालयात पण ती आपोआप पोचणार नाही. ती आहे आशाताईच्या वहीत, पोलीस पाटलाला आहे, मजूर नेणाऱ्या मुकादमाला आहे, राशन दुकानदाराला आहे, कारण फेब्रुवारी मार्चचं धान्य कोण उचलत नाही ते त्याला दिसतं. विभागीय आणि जिल्ह्याच्या मीटिंगचं खरं काम हे आहे, की ही माहिती उचलायची, मोजायची, आणि वर पाठवून तारीख हलवायला लावायची किंवा परत आल्यावरच्या राऊंडसाठी औषध आणि मानधन मागून घ्यायचं. वरून आलेली तारीख माइकवर वाचून दाखवायला एवढ्या अधिकाऱ्यांची गरज नाही, ते काम एका मेसेजने होतं.

आणि हे होऊ शकतं, झालेलं आहे. पोलिओत उत्तर प्रदेश आणि बिहारमधे रोग हटत नव्हता तेव्हा खालून जे कळलं त्यावरून 107 ब्लॉक वेगळे काढले गेले, कोसी नदीच्या पुरात अडकणाऱ्या गावांसाठी वेगळी आखणी झाली, वीटभट्ट्या, बांधकामं, भटके समाज ह्यांच्या याद्या झाल्या, रेल्वे स्टेशनवर आणि बस स्टँडवर डोस पाजले गेले. मौलवींना, शाळांना, विद्यापीठांना सोबत घेतलं. खालच्या माणसाने सांगितलेलं ऐकून वरची आखणी बदलली, म्हणून पोलिओ गेला. मिरचीचा मजूर वीटभट्टीच्या मजुरापेक्षा वेगळा नाही.

आपल्या घरचंच उदाहरण हवं असेल तर गडचिरोली आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग ह्यांच्या सर्च संस्थेने 39 गावांमध्ये गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेतली, बालमृत्यू मोजले, 1999 मध्ये ते लॅन्सेट ह्या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं, नवजात मृत्यू 60 टक्क्यांहून जास्त कमी झाले होते. 2011 मध्ये ते देशाच्या कार्यक्रमात आलं. आज देशभरातली आशा बाळंतिणीच्या घरी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जाते, हे दिवस आमच्या सगळ्यांच्या तोंडपाठ आहेत, आणि त्याचा उगम आमच्या शेजारच्या जंगलातल्या गावांमध्ये आहे ह्याचा मला फार अभिमान वाटतो. गडचिरोलीहून दिल्लीला जे गेलं त्यात गावातल्या बायकांनी मोजलेला आकडा होता आणि नक्की काय करायचं ते होतं. आपल्या मीटिंगमधून वर काय जातं? उपस्थितांची यादी, फोटो, वर्तमानपत्राचं कात्रण आणि टक्केवारी. ह्यातून कुणी काही बदलावं म्हटलं तर काय बदलणार.

म्हणून मागणं करते, रागावू नका, मनापासून करते.

पहिलं, मोहिमेच्या आधीच्या मीटिंगएवढंच वजन मोहिमेनंतरच्या मीटिंगला द्या. आधी सगळे येतात, नंतर कुणी येत नाही. राऊंड संपल्यावर आठवड्याभरात बसा आणि टक्केवारी बाजूला ठेवून फक्त सुटलेल्यांवर बोला. किती नाही म्हणाले, का नाही म्हणाले, कोणत्या वॉर्डात, किती घरांना कुलूप, किती बाहेरगावी आणि कुठे. ज्या आशाताईने खरा कमी आकडा दिला तिला सगळ्यांसमोर शाबासकी द्या, कारण आज कमी आकडा देणारीला फोनवर बोलणी खावी लागतात आणि पुडी ठेवणारी छान ठरते. हे जोवर बदलत नाही तोवर बाकी सगळं वरवरचं आहे, हे मी अगदी ठामपणे म्हणते.

दुसरं, खाजगी डॉक्टरांना बोलवा आणि त्यांच्या वेळेत बोलवा. सकाळी अकराला मीटिंग ठेवली तर गावचा डॉक्टर दवाखाना बंद करून येणार नाही. एका तालुक्यात एका मेडिकल ऑफिसरनी ही मीटिंग रात्री ओपीडी संपल्यावर घेतली, चहा ठेवला, भाषण नाही, नुसतं समजावून सांगितलं की गोळी खाल्ल्यावर ताप, मळमळ, डोकं दुखणं येऊ शकतं, ते बहुतेक वेळा किडे मरत असल्याचं असतं, असा पेशंट आला तर "कोणी सांगितलं होतं खायला" असं म्हणू नका, त्याला धीर द्या आणि आमच्या पथकाला फोन करा. त्या राऊंडला त्या भागात आमचं काम इतकं हलकं झालं की आशाताया स्वतः म्हणाल्या, डॉक्टर साहेब म्हणाले म्हणून लोक दारात वाट बघत होते. आणि दुसऱ्या एका गावात, जिथे कुणी डॉक्टरशी बोललं नव्हतं, एका लेकराला उलटी झाली, कुणीतरी व्हिडिओ टाकला, डॉक्टर म्हणाले "कशाला खाता फुकटच्या गोळ्या", आणि संपलं, पूर्ण मोहल्ला बंद. दोन्हीकडे गोळी तीच होती.

तिसरं, बॉर्डर. गडचिरोली तेलंगणा आणि छत्तीसगडला लागून, गोंदिया बालाघाट आणि राजनांदगावला लागून. लग्नसंबंध तिकडे, बाजार तिकडे, मजुरी तिकडे. काळा आजारासाठी तीन देश एका टेबलावर बसू शकतात तर चार राज्यांचे शेजारी जिल्हे का नाही? वर्षातून एकदा बसा, राऊंडची तारीख एकमेकांना सांगा, मिरचीच्या शेतावरच्या मजुराला तिथेच गोळी देता येते का ते बघा, आणि कुणी दिली तर त्याची नोंद दोन्हीकडे होईल असं करा. हे आशा किंवा टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी) ठरवू शकत नाही, हे तुमच्याच पातळीवरचं आहे, म्हणून तर तुम्हाला लिहितेय.

चौथं, ज्यांना हा रोग झालाय त्यांना मीटिंगमध्ये खुर्ची द्या. बॅनरवर त्यांच्या पायाचा फोटो असतो, हॉलमध्ये ते नसतात. आमच्याकडे एक आजी आहेत, पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, कातडी जाड, बोटांच्या मधे चिरा. वर्षातून काही वेळा थंडी वाजून ताप येतो, जांघेत गाठ येते, पाय लाल होतो, तेव्हा चार दिवस उठता येत नाही. त्यांना टब, मग, टॉवेल, साबण, मलम असं किट मिळालं आणि कसं धुवायचं ते शिकवलं, साबणाने हलक्या हाताने, घासायचं नाही, बोटांच्या मधलं पाणी कोरडं टिपायचं, मलम लावायचं, बसताना पाय उंच. तेव्हापासून त्यांचे तापाचे अटॅक बरेच कमी झाले. त्या आजी आता दुसऱ्यांना सांगतात की बाई गोया खा, नाहीतर माझ्यासारखा पाय होईन, आणि त्यांच्या सांगण्याने जेवढे लोक गोळी खातात तेवढे आमच्या पॅम्प्लेटने खात नाहीत. ह्याच रोगाने अंडवृद्धी झालेले पुरुष तर बोलतच नाहीत, धोतर लुंगीत लपवत वर्षं काढतात, ऑपरेशन फुकट होतं हेही कित्येकांना माहीत नसतं. मीटिंगमध्ये राऊंडच्या आकड्याबरोबर हेही वाचा की किती जणांची ऑपरेशनं बाकी आहेत आणि पुढचा कॅम्प कधी. गाव ह्यावरून ठरवतं की हे लोक आमच्यासाठी आलेत की फक्त आकड्यासाठी.

संस्थांना वेगळं थोडं सांगायचंय. तुम्ही नसता तर हत्तीरोग हा विषय कलेक्टर ऑफिसच्या अजेंड्यावर आलाच नसता, कारण ह्या रोगाने माणूस मरत नाही, आणि जो रोग मारत नाही त्याला बातमी मिळत नाही. पत्रकारांना तुम्ही समजावून सांगता त्याने अफवांच्या बातम्या कमी झाल्या हे मी पाहिलंय. पण तुमच्या अहवालात "इतक्या मीटिंगा घेतल्या, इतके लोक सेन्सिटाइज झाले" एवढंच मोजलं जातं. त्याऐवजी हे मोजा, की मीटिंगमध्ये ठरलेल्या किती गोष्टी राऊंडच्या दिवशी झालेल्या होत्या, आणि खालून आलेली किती गाऱ्हाणी मुंबई पुणे दिल्लीला पोचली आणि त्यावर काय उत्तर आलं. उत्तर नाही आलं तर तेही लिहा. तुमचा आवाज तिथे ऐकला जातो, आमच्या आशाताईचा जात नाही, तो पोचवायचं काम तुम्ही मनावर घ्या.

आणि राज्याच्या, केंद्राच्या साहेबांना एवढंच, की एखाद्या जिल्ह्याने पुराव्यासकट सांगितलं की आमची माणसं फेब्रुवारीत घरी नसतात, आम्हाला एप्रिलमध्ये पंधरा दिवस द्या, तर त्याला मोकळीक द्या. पण एप्रिल म्हटलं तरी मोहफुलं वेचायला माणसं पहाटेच रानात जातात, मे मध्ये तेंदूपत्ता, म्हणून वेळ सुद्धा जिल्ह्यालाच ठरवू द्या, सकाळी नको तर रात्री सात ते नऊ, जेवण झाल्यावर, जेव्हा पोट भरलेलं असतं आणि घरातले सगळे एका जागी असतात. रात्री फिरायला आशाताईसोबत कुणी पुरुष कर्मचारी आणि टॉर्च, गाडीचं पेट्रोल, थोडं जास्तीचं मानधन लागेल. हा खर्च फार नाही, पण तो कुणीतरी मंजूर करायला पाहिजे, आणि मंजूर करणारी माणसं तुमच्याच मीटिंगमध्ये बसलेली असतात.

पुढची जिल्ह्याची मीटिंग कधी आहे ते कळवा. आमच्या भागातल्या आशातायांनी मिरचीला गेलेल्या कुटुंबांची यादी केली आहे, गावनिहाय, किती माणसं, कधी गेली, कोणत्या मुकादमासोबत आणि साधारण कधी परत येणार असं सगळं वहीत लिहिलेलं आहे. ती मी टाईप करून, प्रती काढून घेऊन येते. मला बोलायला दहा मिनिटं द्या आणि यादी इतिवृत्ताला जोडून वर पाठवा.

आपली,
एक गटप्रवर्तक, पूर्व विदर्भ